हृदयाच्या स्पेक्टमधलं अटेन्युएशन करेक्शन: म्यू-मॅप दुरुस्त करतानाच्या नोंदी

६ जानेवारी: काम काय आहे

स्पेक्ट म्हणजे रुग्णाला टोचलेल्या किरणोत्सारी औषधातून निघणारे फोटॉन वेगवेगळ्या कोनांतून मोजून बनवलेली इमेज. वाटेत शरीर काही फोटॉन शोषतं, त्याची भरपाई म्हणजे अटेन्युएशन करेक्शन (एसी). कुठे किती शोष होतो ते दाखवणारा, सीटीवरून काढलेला नकाशा म्हणजे म्यू-मॅप. इथे दोन हेडचा (डिटेक्टरचा) गॅमा कॅमेरा, त्याला जोडलेला सीटी, आणि टेक्निशियम-९९एम सेस्टामिबीचे (हृदयाच्या स्नायूत जमणारं औषध) हृदयाचे स्टडी. करेक्शन न लावलेल्या इमेजमध्ये पुरुषांत इन्फिरिअर वॉल (हृदयाची खालची भिंत) फिकी दिसते, कारण खालून येणाऱ्या फोटॉनना डायफ्रॅम आणि यकृत ओलांडावं लागतं. स्त्रियांत स्तनामुळे अँटिरिअर वॉल (पुढची भिंत) फिकी दिसते. एसी लावलं की हे भरून यायला हवं, आणि बहुतेकांत येतंही. अडचण उरलेल्या रुग्णांची: एसीनंतर इन्फिरिअर वॉल सुधारते आणि अँटिरिअर-लॅटरल (पुढच्या-बाजूच्या) भागात नवाच डिफेक्ट (रक्तपुरवठा कमी असल्यासारखा फिका डाग) उभा राहतो. रिपोर्ट करणाऱ्यांपुढे दोन इमेज, दोन वेगळी उत्तरं. अशा वेळी बऱ्याच विभागांत एसी बंद करून ठेवतात आणि सीटीचा डोस मात्र रुग्णाला बसलेला असतो. हे थांबायला हवं, म्हणून हे काम.

कॅमेऱ्यासोबतचं रिकन्स्ट्रक्शन (मोजलेल्या फोटॉनवरून इमेज बनवणारं सॉफ्टवेअर) आतून बघता येत नाही. त्यामुळे कच्ची प्रोजेक्शन (एकेका कोनातून घेतलेली मोजमापं) आणि सीटी बाहेर काढून 'स्टिर' या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये स्वतः रिकन्स्ट्रक्शन करायचं, एकेक पायरी वेगळी तपासायची, आणि चूक नेमकी कुठे शिरते ते पकडायचं ठरलं. स्टिर फुकट आहे. विभागातला जुना आठ जीबी मेमरीचा कॉम्प्युटर वापरला.

९ जानेवारी: सिलिंडर भरणं

आधी हृदय नाही, साधा सिलिंडर, म्हणजे रुग्णाऐवजी तपासणीला वापरायचं भांडं (फँटम). आतला व्यास २१.६ सेंमी, उंची १८.६ सेंमी, म्हणजे सुमारे ६.८ लिटर. ३७० मेगाबेकरेल (१० मिलिक्युरी) पर्टेक्नेटेट (टेक्निशियमचं साधं रूप) घातलं की मिलिलिटरला ५४ किलोबेकरेल येतात. सेस्टामिबी फँटमला वापरू नका, प्लास्टिकला चिकटतं आणि भिंतीवर खोटी कड दिसते.

भरताना जे बिघडतं ते असं. टेक्निशियम वरून सोडलं आणि झाकण लावलं तर ते थर धरून बसतं. चार बोटं हवा ठेवून निळ्या शाईचे दोन थेंब टाकायचे, सिलिंडर आडवा-उभा करत रंग एकसारखा होईपर्यंत हलवायचा, मग उरलेलं पाणी भरून हवा काढायची. सिरिंज भरलेली आणि रिकामी दोन्ही वेळा डोस कॅलिब्रेटरवर (किरणोत्सार मोजणाऱ्या यंत्रावर) मोजायची. उरलेला अंश सुईत राहतो आणि तो वजा केला नाही तर पुढचं सगळं परिमाण चुकतं.

घड्याळं आधी जुळवा: हॉट लॅबचं (किरणोत्सारी औषधं तयार करण्याच्या खोलीचं), कॅमेऱ्याचं, सीटीचं. टेक्निशियमचं अर्धायुष्य ६.०१ तास, म्हणून दहा मिनिटांचा फरक म्हणजे जवळपास दोन टक्के.

वेळेचं गणित: ब्रिटचा (आयसोटोप पुरवणाऱ्या सरकारी संस्थेचा) टेक्निशियम देणारा जनरेटर आठवड्याचा, पहिले दिवस रुग्णांचे. फँटमला शुक्रवारची संध्याकाळ उरते आणि ती सोयीचीही आहे. शुक्रवारी रात्री आठला शिशाच्या आडोशाला ठेवलेला सिलिंडर सोमवारी सकाळी आठपर्यंत जवळपास दहा अर्धायुष्यं ओलांडतो, म्हणजे मूळच्या हजाराव्या भागावर येतो. मोजून, नोंद करून मगच ओतायचा. रेडिएशन सेफ्टी ऑफिसरला आधी सांगून ठेवायचं आणि वापरलेली मात्रा रजिस्टरमध्ये लिहायची.

१० जानेवारी: करेक्शनशिवाय काय दिसतं

३६० अंश, १२८ प्रोजेक्शन, समोरासमोरची दोन हेड, प्रत्येकी ६४ थांबे, थांब्याला २० सेकंद. एकूण २१ मिनिटं. तेवढ्यात चार टक्के क्षय होतो, तो फ्रेमगणिक दुरुस्त केला.

प्रोफाइलच्या (सिलिंडरच्या आरपार काढलेल्या रेषेवरच्या तेजाच्या आलेखाच्या) मध्यभागी खोल खड्डा. स्कॅटरसकट (वाटेत विखुरलेले फोटॉन धरून) पाण्याचा परिणामी म्यू (शोषाचं प्रमाण) ०.१२ प्रति सेंमी धरला तर केंद्रातून १०.८ सेंमी पाण्यातून फक्त २७ टक्के बाहेर येतात, आणि अगदी काठावरच्या बिंदूसाठी सगळ्या दिशांची सरासरी ६३ टक्के. म्हणजे केंद्र काठाच्या ४३ टक्के दिसायला हवं. मोजलेला खड्डा त्याच्या जवळ आला. हा आकडा आधी हाताने काढून ठेवा. तो जुळला नाही तर कॅमेऱ्याची युनिफॉर्मिटी किंवा सेंटर ऑफ रोटेशन बघा. म्यू-मॅपला हात लावायची वेळ अजून आलेली नसते.

१७ जानेवारी: फ्रेमचा क्रम आणि दिशा

इथे बराच वेळ गेला, आणि ज्यांना हे करायचं आहे त्यांचाही जाईल, म्हणून सविस्तर.

डायकॉम (वैद्यकीय इमेजच्या) फाइलमध्ये सगळी प्रोजेक्शन एकामागे एक असतात. कोणती फ्रेम कुठल्या एनर्जी विंडोची (मोजायच्या फोटॉन-ऊर्जेच्या पट्ट्याची), कुठल्या हेडची, कितव्या थांब्याची, हे वेगळ्या याद्यांत लिहिलेलं असतं. त्या याद्या न वाचता 'पहिल्या ६४ फ्रेम पहिल्या हेडच्या' असं धरून चालत नाही, कारण दोन एनर्जी विंडो घेतल्या की क्रम बदलतो. शिवाय सुरुवातीचा कोन आणि फिरण्याची दिशा.

दिशा उलटी घेतली तर काय होतं? इमेज आरशातल्यासारखी येते. सिलिंडर चारी बाजूंनी सारखा, त्यामुळे एसीशिवाय आणि एसीसकटही तो सुंदरच दिसतो. चूक लपून राहते आणि छाती समोर आली की उजवं फुफ्फुस डाव्या जागी बसून हृदयावर चुकीचा मॅप पडतो.

उपाय: सिलिंडरला बाहेरून, घड्याळात दोन वाजतात त्या जागी, टेक्निशियमचा एक थेंब असलेलं छोटं टोपण चिकटवायचं. त्याच टोपणात सीटीवर दिसायला आयोडीन कॉन्ट्रास्टचाही थेंब. स्पेक्ट आणि सीटी दोन्हींत ठिपका एकाच जागी आला तर दिशा बरोबर. पायांच्या बाजूला दुसरं टोपण लावलं की स्लाइसचा क्रम उलटा झालाय का तेही कळतं. हे टोपण लावल्याशिवाय पुढे जाऊ नका.

२४ जानेवारी: एचयूचं म्यूत रूपांतर

सीटीचे एचयू (हाउन्सफील्ड एकक, पाणी शून्य आणि हवा उणे १०००) म्हणजे साधारण ७० केईव्ही (फोटॉनच्या ऊर्जेचं एकक) परिणामी ऊर्जेवरचा शोष. आपल्याला हवाय टेक्निशियमच्या १४०.५ केईव्हीवरचा. पाणी, स्नायू, फुफ्फुस यांच्यासाठी एक सरळ रेषा पुरते: म्यू = ०.१५४ × (१ + एचयू/१०००). हाडासाठी नाही. हाडातल्या कॅल्शियममुळे कमी ऊर्जेवर फोटोइलेक्ट्रिक शोष वाढतो आणि सीटीला हाड जितकं दाट वाटतं तितकं ते १४० केईव्हीच्या फोटॉनला नसतं.

आकड्यांत: टणक हाडाचे ७० केईव्हीला सुमारे १६०० एचयू येतात. एकाच रेषेने त्याचा म्यू ०.४० निघतो, प्रत्यक्षात तो ०.२९ च्या आसपास. तिसऱ्या हिश्श्याहून जास्त फुगवटा. म्हणून शून्याच्या वर दुसरा उतार: म्यू = ०.१५४ + ०.००००८७ × एचयू.

हा उतार आपल्या सीटीवर तपासायला डायपोटॅशियम हायड्रोजन फॉस्फेट वापरलं. पाण्यात भरपूर विरघळतं आणि हाडासारखं वागतं. उकळून गार केलेल्या डिस्टिल्ड पाण्यात मिलिलिटरला १००, २०० आणि ४०० मिलिग्रॅम अशी द्रावणं, ५० मिलिच्या सेंट्रिफ्यूज नळ्यांत. दहा मिलि द्रावण वजन करून घनता काढली, घटकांवरून १४०.५ केईव्हीचा म्यू तक्त्यांतून मोजला, आणि सीटीच्या एचयूसमोर मांडला. रसायन, नळ्या धरून हजार-बाराशे रुपये. पाणी न उकळता केलेल्या पहिल्या खेपेत नळीच्या भिंतीला बुडबुडे धरले आणि सरासरी एचयू खाली आले, ती खेप टाकून दिली.

नळ्या मोकळ्या हवेत ठेवून स्कॅन करू नका. पाण्याने भरलेल्या सिलिंडरच्या मध्ये उभ्या करा, कारण बीम हार्डनिंग (सीटीच्या झोतातले कमी ऊर्जेचे किरण आधी शोषले जाणं) शरीरात असतं तसं तिथेच मिळतं. मोकळ्या हवेतल्या नळीचे एचयू वेगळे येतात.

आणखी एक: उतार ट्यूबच्या केव्हीवर (व्होल्टेजवर) अवलंबून असतो. लो-डोस प्रोटोकॉल ज्या केव्हीवर चालतो त्याचीच रेषा लागते. इथे रेषा १२० केव्हीची होती आणि जाड रुग्णांसाठी कोणीतरी केलेला प्रोटोकॉल १४० चा. तंत्रज्ञाने जाड रुग्ण पाहून प्रोटोकॉल बदलला की म्यू-मॅप मुकाट चुकायचा. आता प्रोग्राम फाइलमधून केव्ही वाचतो, आणि त्या केव्हीची रेषा नसेल तर थांबतो.

२७ जानेवारी: हवेपेक्षा हलकी हवा

सीटीच्या गोल दृश्यक्षेत्राबाहेरच्या कोपऱ्यांत मशीन भरताड आकडा टाकतं, काहींत उणे २०००, काहींत उणे ३०२४. हवा उणे १००० ची. सूत्रात ते घातले की म्यू ऋण येतो, म्हणजे फोटॉन वाटेत वाढतात! रुग्ण कोपऱ्यात नसतो, पण प्रोजेक्शनची रेषा तिथून जाते. उणे १००० च्या खालचं सगळं शून्य म्यू. एका ओळीचं काम.

वरच्या टोकालाही मर्यादा घाला. पेसमेकर किंवा शस्त्रक्रियेच्या तारा एचयू कमाल टोकाला नेतात आणि त्यांच्या बाजूला काळ्या-पांढऱ्या रेघा उमटतात. मर्यादेने रेघा जात नाहीत, नुकसान आटोक्यात राहतं एवढंच. अशा रुग्णांच्या फाइलवर तशी खूण हवी.

३१ जानेवारी: बारीक मॅप जाडा करताना

सीटीचं पिक्सेल ०.९८ मिमी, स्पेक्टचं ४.८ मिमी. दोन गोष्टी क्रमाने करायच्या आणि क्रम महत्त्वाचा. आधी एचयूचं म्यू, मग सरासरी. रूपांतराला मध्ये कोपर आहे, त्यामुळे आधी एचयूची सरासरी काढली तर बरगडी आणि फुफ्फुस मिसळलेला पिक्सेल चुकीच्या उतारावर जातो. जवळचा एक पिक्सेल उचलण्याची सोपी पद्धत तर मुळीच नको. बरगड्या तुटक दिसतात. ज्या क्षेत्रावर मोठा पिक्सेल पडतो त्या सगळ्याची सरासरी, आणि नंतर मॅप स्पेक्टच्या रिझोल्यूशनच्या आसपास गुळगुळीत.

सीटीचा डोस वाढवून या पायरीला फायदा नाही. एका मोठ्या पिक्सेलमध्ये पंचवीसेक लहान पिक्सेलची सरासरी होते, आणि स्लाइसच्या दिशेने आणखी. ट्यूबचा करंट निम्म्यावर आणूनही सिलिंडरचा म्यू हलला नाही. रुग्णांसाठी करंट तिथेच ठेवला.

७ फेब्रुवारी: १.९ मिलिमीटर

टोपणातले ठिपके दोन्ही इमेजमध्ये 'एकाच जागी' होते, पण केंद्रबिंदू अचूक काढल्यावर आडव्या आणि उभ्या दोन्ही दिशांना जवळपास दोन मिमी फरक. सगळ्या ठिपक्यांत सारखाच, त्यामुळे तो मोजमापातला गोंगाट नव्हता.

कारण सापडलं ते निर्देशांकात. डायकॉममध्ये दिलेली जागा पहिल्या पिक्सेलच्या केंद्राची असते. प्रोग्रामने ती कोपऱ्याची धरली होती. दोन्ही इमेजना तीच चूक लागली तरी ती कटत नाही: अर्धा स्पेक्ट-पिक्सेल २.४ मिमी, अर्धा सीटी-पिक्सेल ०.५ मिमी, वजाबाकी १.९ मिमी. दुरुस्तीनंतर फरक अर्ध्या मिमीच्या आत आला.

दोन मिमीने हृदयाचा डिफेक्ट उभा राहत नाही. पण तो नेहमी एकाच दिशेला असतो, आणि खाली येणाऱ्या इतर सरकण्यांत मिसळला की वेगळा काढता येत नाही. म्हणून आत्ताच संपवला.

१० फेब्रुवारी: टेबल वाकतं

सीटी कॅमेऱ्याच्या मागे असल्याने टेबल त्याच्यासाठी जास्त बाहेर जातं आणि भाराखाली जास्त वाकतं. रिकाम्या टेबलावर हे दिसणारच नाही. पिण्याच्या पाण्याचे २० लिटरचे चार जार प्लास्टिकमध्ये गुंडाळून टेबलभर मांडले, त्यांच्यामध्ये ठिपके. उभ्या दिशेला ३ मिमी फरक आला. भाराप्रमाणे बदलतो, त्यामुळे एकच स्थिर दुरुस्ती सगळ्यांना लागू करण्यात अर्थ नाही. आपल्या यंत्रावर तो किती आहे हे माहीत असलं पाहिजे, म्हणजे हाताने जुळवताना अपेक्षित दिशा ठाऊक असते. टेबलाची फळी मॅपमधून कापू नका. पाठीमागून येणारे फोटॉन तिच्यातूनच जातात.

२१ फेब्रुवारी: मध्यभाग फुगला

दिशा, रूपांतर, जागा सगळं बरोबर झाल्यावर सिलिंडरला एसी लावलं. खड्डा भरला आणि वर उंचवटा आला, केंद्र काठापेक्षा सुमारे ३० टक्के वर. म्यू-मॅप बरोबर असूनही.

०.१५४ हा अरुंद झोताचा म्यू आहे. तो फोटॉन विखुरला की तो गेला असं मानतो. पण १२६ ते १५४ केईव्हीच्या विंडोत थोडासा विखुरलेला फोटॉनही शिरतो आणि मोजला जातो. गेलेल्यांची भरपाई आपण देतो, आणि न गेलेलेही मोजतो. दुहेरी हिशोब. स्कॅटर करेक्शन करायचं नसेल तर म्यू खाली, ०.१२ च्या आसपास आणावा लागतो. तो जुना जुगाड एकसंध सिलिंडरला चालतो, फुफ्फुस-हाड असलेल्या छातीला नाही. म्हणून म्यू ०.१५४ च ठेवून स्कॅटर काढायचं.

तिहेरी विंडोची पद्धत घेतली: मुख्य विंडोच्या खाली आणि वर आणखी एकेक विंडो. टेक्निशियमला वरच्या बाजूला दुसरा फोटॉन नाही, म्हणून वरची विंडो शून्य धरता येते. खालच्या विंडोचे काउंट्स (मोजलेले फोटॉन) तिच्या रुंदीने भागायचे, मुख्य विंडोच्या २८ केईव्ही रुंदीने गुणायचे, आणि निम्मे करायचे.

पहिल्यांदा खालची विंडो १२२ ते १२६ ठेवली. गुणक ३.५. रुग्णाच्या काउंट्सवर हा अंदाज इतका गोंगाटी येतो की बॅकग्राउंडमध्ये खडे पडतात. ११४ ते १२६ केली, गुणक १.१७ वर आला. स्कॅटरचा अंदाज थोडा स्थूल होतो, गोंगाट मात्र खूप कमी. शिवाय स्कॅटरची प्रोजेक्शन मुळातच गुळगुळीत असतात, म्हणून अंदाज निर्धास्त ब्लर करा.

प्रोजेक्शनमधून हा अंदाज थेट वजा करू नका. कमी काउंट्सच्या पिक्सेलमध्ये उत्तर ऋण येतं, ते शून्यावर कापलं जातं, आणि कापल्यामुळे एकूण काउंट्स कृत्रिमरीत्या वाढतात. त्याऐवजी ओसेममध्ये (टप्प्याटप्प्याने इमेज सुधारत नेणाऱ्या रिकन्स्ट्रक्शनमध्ये) अंदाजित प्रोजेक्शनला बेरीज म्हणून द्या. स्टिरमध्ये त्यासाठी जागा आहे. प्रोफाइल सपाट झालं.

लक्षात ठेवा, खालची विंडो स्कॅनच्या आधी उघडावी लागते. जुन्या स्टडीत ती नसेल तर नंतर आणता येत नाही. आजपासून प्रत्येक रुग्णाच्या प्रोटोकॉलमध्ये ती घातली.

२४ फेब्रुवारी: लवकर थांबणं

ओसेमच्या ३२ अपडेट्सला (१६ सबसेट म्हणजे प्रोजेक्शनचे गट, २ इटरेशन म्हणजे फेऱ्या) केंद्र अजून थोडं खाली राहतं. १६० ला (१६ सबसेट, १० इटरेशन) सपाट. शोषाचा भाग मॉडेलमध्ये आला की खोल भागाचं उत्तर सावकाश जुळतं. कॅमेऱ्याच्या डिफॉल्टमध्ये इटरेशन कमी असतात, कारण इमेज गुळगुळीत दिसते, आणि उरलेला खड्डा मॅपच्या नावावर खपतो. आधी इटरेशन वाढवा, गोंगाट नंतरच्या फिल्टरने काढा.

कोलिमेटरचं (फोटॉनची दिशा ठरवणाऱ्या शिशाच्या जाळीचं) रिझोल्यूशन मॉडेल करताना शोषासाठी स्टिरमध्ये दोन पर्याय आहेत: मधल्या रेषेचा शोष सगळ्या पसाऱ्याला लावणं किंवा प्रत्येक रेषेचा वेगळा मोजणं. दुसरा खूप सावकाश आहे. सिलिंडरमध्ये फरक दिसला नाही, छातीत फुफ्फुसाच्या कडेला दिसला. सगळे व्ह्यू मेमरीत ठेवायला सांगितल्यावर आठ जीबी पुरले नाहीत, म्हणून तो पर्याय बंद केला आणि रात्री चालायला लावलं.

७ मार्च: छाती

टॉर्सो फँटम (छातीची प्रतिकृती) विकत घेणं परवडणारं नाही, दुसऱ्या संस्थेकडून आठवड्यासाठी मिळाला. फुफ्फुसांत थर्मोकोलचे मणी आणि पाणी, कण्याच्या जागी टेफ्लॉन, हृदयाचा दुहेरी भिंतीचा कप. मायोकार्डियम, यकृत, बाकी छाती यांचं प्रमाण १०:५:१. हृदयात कुठेही डिफेक्ट ठेवला नाही, म्हणजे जे काही फिकं दिसेल ते आपलं.

हृदयाचं स्कॅनिंग १८० अंश, उजव्या पुढच्या तिरक्या बाजूपासून डाव्या मागच्या तिरक्यापर्यंत, ९० अंशांत लावलेली हेड, ६४ प्रोजेक्शन, थांब्याला २५ सेकंद. सबसेट ८.

मॅप नीट जुळलेला असताना पोलर मॅप (हृदयाच्या सगळ्या भिंती एका वर्तुळात दाखवणारं चित्र) एकसारखा आला. कण्याच्या सावलीमुळे होणारा फरकही गेला. मग मॅप मुद्दाम सरकवला, एकावेळी एका दिशेला एक पिक्सेल.

सगळ्यात वाईट ती सरकण, जिच्यात स्पेक्टमधली अँटिरिअर-लॅटरल भिंत सीटीतल्या डाव्या फुफ्फुसावर पडते. फुफ्फुसाचा म्यू सुमारे ०.०५, स्नायूचा ०.१५४. एक सेंमी स्नायूच्या जागी फुफ्फुस धरलं की त्या दिशेच्या प्रोजेक्शनमध्ये दहा टक्के भरपाई कमी पडते, तीन सेंमीला सत्तावीस टक्के. रुग्णांत दिसणारा डिफेक्ट हुबेहूब तिथेच, तशाच आकाराचा उभा राहिला. दोन पिक्सेल, म्हणजे एक सेंमीपेक्षा कमी सरकण त्याला पुरते. उलट दिशेला सरकवलं तर परिणाम कितीतरी सौम्य. याच कारणाने ही चूक नेहमी अँटिरिअर-लॅटरललाच भेटते.

१४ मार्च: श्वास

रुग्णांत सरकण कुठून येते? टेबल ३ मिमी देतं. बाकी श्वास. स्पेक्ट तेरा मिनिटं चालतो, रुग्ण साधा श्वास घेत असतो, हृदय सरासरी जागी दिसतं. सीटी काही सेकंदांत होतो. छातीच्या सीटीची सवय असलेला तंत्रज्ञ 'श्वास घ्या, रोखून धरा' म्हणतो, डायफ्रॅम खाली जातो, हृदय लांबट होऊन खाली उतरतं, आणि त्याच्या मूळ जागी फुफ्फुस येतं. मॅप बिघडला.

सूचना बदलली: "काका, श्वास रोखू नका, झोपेत घेता तसा हळूहळू घेत राहा." सीटीच्या आधी अर्धा मिनिट तसंच पडून राहू द्यायचं, कारण टेबल हललं की माणूस खोल श्वास घेतोच. यासाठी खर्च शून्य, आणि आतापर्यंतच्या सगळ्या दुरुस्त्यांत रुग्णांवर सर्वांत जास्त फरक यानेच पडला.

हात वर ठेवता येत नसतील तर उशीच्या आधाराने जमेल तितके वर, आणि सीटी ते स्पेक्ट दरम्यान ते हलवायचे नाहीत. हात खाली असले की सीटीत आडव्या रेघा येतात, आणि रुंद माणसात हात सीटीच्या ५० सेंमी वर्तुळाबाहेर कापले जातात. मॅपमध्ये नसलेला दंड स्पेक्टमध्ये फोटॉन अडवत राहतो.

२१ मार्च: जुळवणी रिकन्स्ट्रक्शनच्या आधी

कन्सोलवर आता ही पायरी सक्तीची. नॉन-एसी स्पेक्ट सीटीवर टाकायचा, तिन्ही छेदांत बघायचं. स्पेक्टमधल्या मायोकार्डियमचा एकही भाग फुफ्फुसाच्या काळ्यावर येता कामा नये. आला तर सीटी हाताने सरकवून, मॅप पुन्हा बनवून मग एसी. स्ट्रेस आणि रेस्टची (ताणाखालच्या आणि विश्रांतीतल्या स्कॅनची) जुळवणी वेगवेगळी. एकाचे आकडे दुसऱ्याला चालत नाहीत, रुग्ण मधे उठून गेलेला असतो. सरकवलेले मिमी तिन्ही दिशांना फाइलवर लिहायचे.

आपोआप जुळवणी करून पाहिली. ती यकृत आणि आतड्यातल्या तेजस्वी भागाकडे ओढली जाते. हृदयापुरता चौकोन दिल्यावरही काही वेळा फसते. नजरेने केलेलं जास्त भरवशाचं निघालं, दोन मिनिटं लागतात.

एसीने यकृत आणि आतडंही उजळतं, कारण तेही खोलवर आहेत. त्यांचा पसारा इन्फिरिअर वॉलवर सांडला की ती खोटी निरोगी दिसू शकते. त्यामुळे एसी आणि नॉन-एसी दोन्ही शेजारी ठेवूनच रिपोर्ट, आणि आतड्यातली मात्रा जास्त असेल तर थोड्या वेळाने पुन्हा स्कॅन.

४ एप्रिल: परिमाणाची तपासणी

सिलिंडर पुन्हा भरला, सगळ्या दुरुस्त्यांसकट. मधल्या भागाची मात्रा डोस कॅलिब्रेटरवरून अपेक्षित ५४ किलोबेकरेलच्या पाच टक्क्यांत. दर तिमाहीला हाच सिलिंडर, हेच टोपण, हेच प्रोफाइल. सीटीची ट्यूब बदलली किंवा कॅलिब्रेशन झालं की लगेच.

११ एप्रिल: पुढचं

थायरॉइडसाठी आयोडीन-१३१ वर हीच साखळी लावायला घेतली आहे. ३६४ केईव्हीला पाण्याचा म्यू ०.११० प्रति सेंमी, त्यामुळे दोन्ही उतार नव्याने काढावे लागतील. फॉस्फेटच्या नळ्यांची सीटी मोजमापं तीच चालतात, समोरचा म्यू फक्त ३६४ साठी मोजायचा. कोलिमेटर हाय-एनर्जी. आणि इथे वरची विंडो शून्य धरता येत नाही: ६३७ केईव्हीचे फोटॉन कोलिमेटरच्या भिंती भेदून, विखुरून ३६४ च्या विंडोत उतरतात. खालची आणि वरची दोन्ही विंडो पहिल्या स्कॅनपासून उघड्या ठेवल्या आहेत.